ताईच्या डाळिंबाला पहिलं बक्षीस

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून अर्धा आत्ता घालतो, उरलेला तू आल्यावर.) तुझे गुडघे, भाचीची नोकरी आणि जावयांचं घोरणं, सगळं ठीक असेल. इकडे मी इतका मजेत आहे की बायको म्हणते, "जरा जमिनीवर या." येत नाही! ताई, बोन्साय मंडळाच्या हिवाळी प्रदर्शनात तुझ्या डाळिंबाला पहिलं बक्षीस मिळालं. (मुद्दामच पत्र लिहितो आहे. फोन केला असता तर तू मध्येच विचारलं असतंस, "काय मोडलंस?")

भाऊजी गेल्यावर तू भाचीकडे जायला निघालीस, तेव्हा घराची किल्ली देताना बजावलं होतंस, "फक्त पाणी घाल. हात लावू नकोस." आणि गेल्या महिन्यात लिहिलंस की हिवाळा संपला की झाड कुणाला तरी देऊन टाक, घराचंही मग बघू. ते वाक्य मला लागलं, ताई. भाऊजींनी पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड असं कुणालाही द्यायचं? मी ठरवलं, हे झाड असं करून दाखवायचं की द्यायचा विचारच तुझ्या डोक्यातून गेला पाहिजे.

सुरुवात मात्र भयंकर झाली. आठ दिवसांत सगळी पानं गळून नुसत्या काड्या उरल्या. माझं धाबं दणाणलं. औषध म्हणून दुप्पट पाणी घातलं, दोनदा माफीही मागितली. शेवटी भाऊजींचे मित्र, ते रोपवाटिकेवाले काका, त्यांना बोलावून आणलं. त्यांनी फांदीवर नखाने जरासं खरवडून आतला हिरवा रंग दाखवला आणि म्हणाले, "झोपलंय ते. तुम्हीही झोपा." वर थंडीतल्या कामांची यादी हातात ठेवली : पाणी कमी करा, खोड ब्रशने साफ करा, एकमेकींत घुसलेल्या फांद्या कापा, पुढच्या मोसमासाठी माती चाळून ठेवा, आणि तार गुंडाळा. (ब्रश बायकोचा होता, तो मी आपणहून कबूल केला. चाळणीचं तिला भाकरी खाताना दाताखाली खर आल्यावर कळलं.)

तार म्हटल्याबरोबर माझे हात शिवशिवायला लागले. चाळीस वर्षं पंपांच्या जळालेल्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळलेला माणूस मी! वेढ्याला वेढा चिकटवून असं घट्ट गुंडाळलं की साल दिसेना. काका बघून म्हणाले, "आता करंट द्या, फिरतंय का बघू." सगळं सोडवलं. वेढ्यांत अंतर हवं, तिरकस हवं, सालीला काचायला नको, हे शिकलो. मग काका मुलीकडे गेले आणि मी तीन दुपारी मान वर न करता काम केलं. त्यातच लक्षात आलं की खोड एका बाजूला चांगलंच कललेलं आहे. भाऊजींसारखा टापटिपीचा माणूस आणि हे असं वाकडं राहू दिलं? आमच्या धंद्यात वाकडा शाफ्ट दिसला की जेवण जात नाही. जाड तार घेतली आणि श्वास रोखून तसूतसूने खोड सरळ केलं. एकदा 'कट्' असा आवाज आला तेव्हा सगळं संपलं असं वाटलं, पण ती माझी कंबर होती.

आपल्याला मिळालं ते तारेच्या कामाचं पहिलं बक्षीस. हिवाळी प्रदर्शनात ते वेगळं देतात, कारण थंडीत पानं नसल्याने लबाडी लपत नाही. परीक्षक भिंग घेऊन आपल्या झाडाभोवती तीनदा फिरले आणि विचारलं, "कुणाकडे शिकलात?" म्हटलं, "पंपाच्या मोटारींकडे." टाळ्या पडल्या, ताई! मला बघून नाक मुरडणारे ते मंडळाचे अध्यक्ष गोड आवाजात विचारत होते, झाड देता का? नाही म्हणून सांगितलं. असं 'नाही' मी जन्मात कुणाला म्हटलेलं नव्हतं.

तुझा,
हात लावलेला भाऊ

ता. क. चाळणी नवीन आणली. ब्रशही.

ता. क. दुसरा. काल काका मुलीकडून परतले आणि अभिनंदन करायला तुझ्या घरी आले. खोड बघितलं आणि विचारलं, "कल कुठे गेला?" ताई, तो कल म्हणजे दोष नव्हता. भाऊजींनी अकरा हिवाळे थोडं थोडं वाकवून तो आणला होता, खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीकडे. काकांना म्हणाले होते, "ही तिथे बसून बोलत असते. झाड ऐकतंय असं दिसायला हवं." आणि तू आयुष्यभर म्हणत आलीस की हा माणूस कुंडीत डोकं घालून बसतो, माझं एक अक्षर ऐकत नाही. मी ते तीन दुपारींत सरळ केलं. मला फार वाईट वाटतं आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. आज सकाळी तारेचे तुकडे करून ती काढली. संध्याकाळपर्यंत खोड आपलं आपण बोटभर खुर्चीकडे झुकलं. बाकीचं मला वाकवावं लागेल, आणि सावकाश वाकवीन. पण किती, ते काकांनाही माहीत नाही. भाऊजींनी माप असं घेतलंच नव्हतं, तू बसलेली असताना नजरेने ठरवलं होतं, आणि रिकाम्या खुर्चीवरून मला ते कळत नाही. तेव्हा पालवी फुटायच्या आत ये आणि तिथे बस. बोलायला काही सुचलं नाही तर मला शिव्या दे, पण मोठ्याने दे.