जमिनीला हात लावला

कोयनानगर, मंगळवार, जानेवारी १९७४

आज संध्याकाळी पुन्हा हादरा बसला. फळीवरची ताटं खणखणली आणि आई नेहमीसारखी ओरडली, "भायेर पळा." आम्ही सगळे अंगणात.

आजवर हादरा बसला की बाहेर येऊन मी आधी समोरच्या क्वार्टर्सकडे बघायची. अशोक दारात दिसला की जिवात जीव यायचा. आमचं सुरूच तसं झालं होतं. दिवाळीनंतर शाळेच्या वाटेवर तो म्हणाला, "घरात कळलंय, आता बोलायचं न्हाई." तेव्हापासून मला जेवण गोड लागत नव्हतं.

पण आज काय झालं कोण जाणे. मी खाली बसले आणि जमिनीला तळहात टेकला. माशी उडवायला म्हशीनं कातडी थरथरवावी, तशी जमीन हाताखाली थरथरत होती. एवढं धरण, एवढे डोंगर, सगळं त्या कातडीवर? झाडीतले पक्षी एकदम उठले, मग सगळं असं गप्प झालं की मला माझाच श्वास ऐकू आला. भीती वाटायला हवी होती ना? वाटली नाही. तळहात उचलावासाच वाटेना.

"येडी हायस का, ऊठ," आई म्हणाली.

मघाशी शेजारची कुसुम हळूच कानाशी आली. "अशोक सारखा तुझ्याकडंच बघत हुता की गं."

"कवा?" मी विचारलं.

ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. पण मला खरंच माहीत नव्हतं.