तिच्या पातळांची गोधडी

मांय, तुमची दुसरी सून लिहिते आहे. पेडण्याहून लग्न होऊन मी मुळगावला आले तेव्हा पडवीत शिवणाचं मशीन जुन्या चादरीखाली झाकलेलं होतं. ते तुमच्या पहिल्या सुनेचं, तुमच्या मुलाच्या आधीच्या बायकोचं. तापाने ती गेली त्याला वर्ष उलटलं होतं. तिची सहा वर्षांची मुलगी आईच्या पातळांच्या पेटीला टेकून झोपायची. माझ्या हातचं जेवायची, पण माझ्याशी बोलायची नाही. मी जवळ गेले की पेटीवर हात ठेवायची.

एका दुपारी तुम्हीच पेटी उघडलीत. म्हणालात, "ह्या पातळांची पोरीक गोधडी करूया. वरची बाजू तू मशीनवर जोड, आतले थर मी हातान घालतंय." मला ते नको होतं, पण नाही म्हणायची हिंमत नव्हती. तुकडे कापताना ती बाई मला कळत गेली. डाव्या कमरेशी कापड विरलेलं, तिथे ती पोरीला घ्यायची. निऱ्यांच्या काठाला गावातल्या खाणीची लाल माती, किती धुतली तरी न गेलेली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं आणि तिची उंची मला ठाऊक झाली होती.

पहिल्याच दिवशी सुई मोडली. दुसरी लावली, तीही मोडली. शेजारीण दारातूनच म्हणाली, "तिचा मशीन, तिची पातळां. ती खंय हात लावूक देतली?" मी पायडलवर पाय ठेवून बसले आहे आणि मानेमागे कोणी वाकून माझं शिवण बघतं आहे. मागे वळायचा धीर होत नाही. नवी सुई आणणार कुठून? गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटलेलं, रस्त्यांवर झाडं आडवी टाकलेली, म्हापशाची बस बंद. डब्यात एकच सुई उरली होती, तीही गंजाचे ठिपके पडलेली.

तुम्ही शेजारणीला घरी पाठवलंत. सुईचं टोक नखावरून फिरवून पाहिलंत, बारीक दगडावर हलकेच घासलंत, तेलाच्या फडक्याने सुई पुसून खाचेत पार वरपर्यंत बसवलीत. कापड पुढे सरकवणाऱ्या मशीनच्या दातांमध्ये अडकलेला धाग्यांचा मळ काढलात. मग माझा हात धरून म्हणालात, "तू कापड वडतंस गो. म्हणान सुई वाकता नि पट्टीवर आपटता. तेका जावंदे, तां आपसूक जाता."

"आणि ती, मांय?" मी विचारलं.

तुम्ही पेटीकडे बघितलंत. "ती आसली तर आसूंदे. तिकाय पोरीची गोधडी व्हयीच आसा."

त्यानंतर काम संपलं की रोज मी ती सुई काढून पुसून ठेवायचे. मागे कोणी आहे असं वाटायचं, पण मी शिवत राहायचे. एके दिवशी पोर येऊन बसली. मी लावलेला हिरवा तुकडा उचलून तिने लालच्या शेजारी ठेवला. "ह्यां पातळ आई जत्रेक नेसली होती," ती म्हणाली. माझ्याशी बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य. पुढे प्रत्येक तुकड्याला ती काहीतरी सांगायची, आणि ती सांगेल त्या जागी मी तो जोडायचे.

मोठी झाल्यावर ती गोधडी घेऊन सासरी गेली. मग तुमची नजर गेली आणि तुम्ही मला पहिलीच्या नावाने हाक मारू लागलात. तुमचा मुलगा समजावायचा, "आई, ती न्हय, ही." तो कामावर गेला की तुम्ही पुन्हा तीच हाक मारायचात, आणि मी ओ द्यायचे. शेवटच्या आजारात तुम्ही माझं मनगट चाचपून म्हणालात, "तू गेलंस म्हणत होते गो सगळे."

"खंय गेलंय, मांय? हयच आसंय."

आवाज माझाच होता, तरी माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही मात्र शांत झोपलात.

हे मी कुठेच पाठवणार नाही, म्हणून सांगते. तुम्ही गेल्यापासून त्या नावाने घरात कोणी हाक मारत नाही. दुपारी एकटी असले की कधी कधी मीच ते नाव मोठ्याने घेते. मग ओ मी द्यायची की तिने, हे मला कळत नाही.