दक्षिण वर

९ जानेवारी १९७७, रविवार
परत धुकं! आठ दिवस सूर्यच दिसत नाही, ग्रहतारे लांबच राहिले. दुर्बीण चादरीखाली. म्हणून आमचं तिघांचं आकाशदर्शन मंडळ गजेंद्र सक्सेनाच्या फोटो स्टुडिओत बसलं. तिथे लक्ष्मीकांत तासगावकरांनी पिशवीतून एक पिवळं पाकीट काढलं. त्यांच्या अमेरिकेतल्या मेव्हण्यानं पाठवलेलं. आत व्हायकिंग यानानं काढलेले मंगळाचे फोटो — बावीस! ताटाएवढे, चकचकीत. मेव्हणा असावा तर असा. माझा मेव्हणा नागपुराहून संत्री पाठवतो, तीही आंबट.

गजेंद्र एकेक फोटो असा धरत होता, जणू प्रसाद. माझी सहा इंची दुर्बीण तोच माणूस गेल्या दिवाळीपर्यंत अशी धरायचा. तिचा आरसा मी दहा महिने हातानं घासला. त्याच आरशातून त्र्याहत्तर साली मंगळावर ती काळी रेघ पाहिली, तिचं चित्र काढलं, ते इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिकांकात छापून आलं. लोक तिला 'नरहररेषा' म्हणतात. (लोक म्हणजे गजेंद्र आणि माझी बायको हेमा. हेमा थट्टेनं.)

तासगावकर दिवाळीनंतर आले. औषधांच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ, वय अडतीस, डोक्यावर सगळे केस. पहिल्याच दिवशी मंगळाचा नकाशा उत्तर वर करून धरला होता. मी झापलं, "आपल्यात दक्षिण वर. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, तसंच बघायची सवय हवी." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. सगळंच लिहून घेतात.

१६ जानेवारी
तासगावकरांनी फोटो काळ्या पानांच्या अल्बममध्ये चिकटवले आहेत. सगळे दक्षिण वर, म्हणाले. आज्ञाधारक! आणि त्यांतल्या एकात त्यांना सात टेकड्या सापडल्या. एका ओळीत, सारख्या अंतरावर. तेवढंच पान उघडून समोर धरलं.

गजेंद्र म्हणाला, "भाई साहब, ये तो किसी ने बनाए हैं!" तासगावकर हसले. कुणी बनवल्या नसणार, पण ओळ का, हा प्रश्न उरतोच, म्हणाले. किती तो विनय! मी भिंग लावून पाहिलं. होत्या. सातही होत्या. भिंगावर माझा श्वास साचला, तोवर पाहत राहिलो. पाकीट माझ्याकडे आलं असतं तर मला दिसल्या नसत्या का?

२३ जानेवारी
महाराष्ट्र मंडळाचं हळदीकुंकू. दरवर्षी तिथे बायका मला गाठून विचारतात, शनी कधी दिसेल, धूमकेतू अशुभ का. यंदा सगळ्या तासगावकरांभोवती! "मंगळावर खरंच कुणी आहे का हो?" मी कोपऱ्यात तिळाचे लाडू खात उभा.

२७ फेब्रुवारीला तासगावकरांचं टेकड्यांवर व्याख्यान ठरलं. विद्यापीठातले प्रोफेसर अध्यक्ष. प्रोफेसरांना पटलं तर त्यांच्या शिफारशीनं लेख पुण्याच्या मासिकात छापायला जाणार. मला आभार मानायचं काम दिलंय. बारा वर्षं या हिंदी मुलखातल्या गावात मराठी माणसांचं आकाश मी सांभाळलं, आता आभार!

२ फेब्रुवारी
तिळगूळ संपला. गोड बोलणंही.

६ फेब्रुवारी
गजेंद्रकडून टेकड्यांच्या फोटोची एक प्रत करून घेतली. दुपारी जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसलो. समोर हेमा मटार सोलत होती. म्हणाली, "हे खड्डे कसले?"

"टेकड्या आहेत."

"मग असतील," म्हणाली आणि शेंग फोडली.

मी उठून तिच्या बाजूला गेलो. खड्डे! सातही खड्डे!! परत माझ्या खुर्चीत — टेकड्या. तिच्या बाजूनं — खड्डे. चार फेऱ्या मारल्या. हेमा म्हणाली, बसा आता, मटार पायाखाली येतात.

सोपं आहे. डोळा धरूनच चालतो की उजेड वरून येतो. फोटो उलटा धरला की उजेड खालून येतो, आणि खड्डा फुगून टेकडी होते. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत सूर्य कुठल्या बाजूला होता तेही दिलंय. ती अक्षरं आम्हाला तीन आठवडे उलटी दिसत होती आणि कुणालाही खटकलं नाही! आपल्यात दक्षिण वर ना.

म्हणजे मंगळावरची साधी विवरांची ओळ. नवल काही नाही.

शेजारी फोन आहे. तासगावकरांच्या प्रयोगशाळेचा नंबर माझ्याकडे आहे. उद्या करीन.

९ फेब्रुवारी
केला नाही.

१३ फेब्रुवारी
तासगावकरांनी तेलीबागेत घरी बोलावलं. शुभदावहिनींनी शंकरपाळे केले होते. दुर्दैवानं उत्तम होते. तासगावकरांनी लेख पुढे ठेवला, सुवाच्य अक्षरात बावीस पानं.

"नरहरराव, एकदा तुमची नजर फिरू दे. तुम्ही बघितलंत की मी निर्धास्त."

मी बावीसही पानं वाचली. एका ठिकाणी वेलांटी सुधारली. "छान जमलंय," म्हणालो. ते बस स्टॉपपर्यंत सोडायला आले.

२० फेब्रुवारी
चारबाग स्टेशनासमोर निवडणुकीचे भोंगे. सगळे पक्ष ओरडून घेतायत.
हेमानं विचारलं, "तासगावकरांना सांगितलंत ना, खड्ड्यांचं?" सांगेन म्हटलं. "कधी?" मी पेपर वर धरला.

२७ फेब्रुवारी
हॉल भरलेला. तासगावकर तासभर बोलले. चांगलं बोलले. गजेंद्रनं स्लाइड दाखवल्या. सात टेकड्या पडद्यावर आल्या तेव्हा शेवटच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले.

मग मी आभाराला उठलो. म्हटलं, त्याआधी एक विनंती — गजेंद्रजी, ही स्लाइड जरा उलटी लावा.

लावली. टेकड्यांचे खड्डे झाले. मी वाक्य तयारच ठेवलं होतं: "आमचे मित्र डोंगर चढायला निघाले होते, तासभर आपल्या सगळ्यांना घेऊन खड्ड्यात उतरत होते." सगळा हॉल खदखदला! प्रोफेसरांनी हसून चष्मा पुसला.

तासगावकर पडद्याजवळ गेले, वाकून पाहिलं, म्हणाले, "बरोबर आहे. खड्डेच आहेत. आभारी आहे, नरहरराव." दक्षिण वर धरायला कुणी शिकवलं, ते बोलले नाहीत. मी पण नाही. पहिल्यांदा खड्डे कुणी म्हटलं, तेही नाही.

माझ्यासाठी टाळ्या झाल्या. बायकांच्या रांगेत हेमा शालीची घडी घालत होती. घडी बराच वेळ चालली.

६ मार्च
तासगावकर स्टुडिओत आले नाहीत. गजेंद्रनं विचारलं, "आपको पहले से मालूम था?"
मी म्हटलं, तिथेच सुचलं.
"अच्छा," म्हणाला. ती प्रत त्यानंच करून दिली होती, हे मी विसरलोच होतो. मग तो कॅमेरा पुसत बसला. चहाचं विचारलं नाही.

१३ मार्च
प्रोफेसरांचा निरोप: उलट्या फोटोवर मीच पुण्याला लेख लिहावा, ते शिफारस करतील. अखेर!
स्टुडिओत तासगावकरांचा अल्बम येऊन पडला होता. सोबत चिठ्ठी: 'मेव्हण्याचे फोटो मंडळाला. मला आता वेळ होत नाही.' घरी घेऊन आलो. लेखाला लागेलच.

१४ मार्च
अल्बम पाहिला. नवव्या पानावर माझ्या रेघेचा प्रदेश. फोटोशेजारी वार्षिकांकातलं माझं चित्र कापून चिकटवलेलं. खाली पांढऱ्या पेन्सिलीनं: 'नरहररावांची रेषा. फोटोत काहीच नाही. तीनदा ताडून पाहिलं. सुटे डाग लहान दुर्बिणीत जोडलेले दिसले असावेत. मंडळात हा विषय काढायचा नाही.' तारीख १२ जानेवारी.

पान फिरवून पाहिलं. दक्षिण वर, उत्तर वर, आडवं. कसंही धरलं तरी रेघ नाही.