काकाच्या पेटीतली एकच चिठ्ठी

मंगळवार संध्याकाळ, माघ, सन ५२

मी काकीला फसवलं. काका चुनावात उभा होता, अन् प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. चुनावाच्या सकाळी म्हटलं, "काकी, काकाच्या पेटीत चिठ्ठी टाकताना त्याचं नाव जोरात घ्यावं लागतं, नाहीतर मत बाद." नुसती मजाक होती. ती जन्मात नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हटलं लाजेल, आपण हसू, बस.

आज रिझल्ट लागला. काका पडणारच होता. पण आमच्या राजपुऱ्याच्या बूथवर त्याच्या पेटीतून एकच चिठ्ठी निघाली. त्याची स्वतःची. घरात मत दोघांनाच, माझं तर वय नाही.

काका म्हणाला, "तू पण नाही दिलं गं?"

काकी पदराची गाठ मुठीत धरून बसली. मताची चिठ्ठी त्याच गाठीत आहे, मी पाहिलीय. पडद्यामागे तोंडातून नाव निघालंच नाही, तशीच घरी घेऊन आली. मी फसवलं हे शेजारणींकडून तिला कळलंय. तरी म्हणाली, "मी पेटी चुकले."

काका ताटावरून उठला. तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

जाऊन सांगू का? ती गाठ अजून सोडत नाहीये. तिनं त्याचं नाव नाही घेतलं, माझंही नाही घेतलं.

कोणी हे वाचलंच तर हात जोडतो, काकाला सांगू नका.