सवय होईल

मंगळवार, ४

बाईंकडे जाऊन आलो. किराणा, औषधं, पाण्याचा जार. तीन मजले. दुसऱ्या वळणावर पाय आजही अडखळला. बाईंचे यजमान, सर, तिथंच पडले होते. तीन वर्षं झाली. मी ती पायरी पाय न ठेवता ओलांडतो आणि तरी दर वेळी अडखळतो.

शेजारीण दारात उभीच. "असा माणूस बघितला नाही. सख्खा भाऊ करणार नाही एवढं." मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटतो.

सरांचा चष्मा फोटोशेजारी तसाच आहे. काळी फ्रेम. मीच बनवलेला. त्याच्याकडे पाठ करून बसलो.

बाई निघताना पुन्हा म्हणाल्या, "त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं." नवरा-बायकोत काही झालं असेल. विचारलं नाही. त्या दिवसाचा विषय मी काढायचा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

शुक्रवार, ७

पाळकसाहेब दुकानात आले होते, चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवायला. म्हणाले, "सोळा तारखेला उपासनेत तुम्ही साक्ष द्यायची. विश्वास कृतीत कसा दिसतो ते मंडळीला कळू दे. दिवा किती दिवस झाकून ठेवणार?"

सगळं कौतुक त्या पेटीचं. चर्चच्या दाराशी जुन्या चष्म्यांची पेटी ठेवली ती मी. येतील ते चष्मे तपासतो, नंबर चिकटवतो, ज्यांना घेणं जमत नाही त्यांना देतो. दीडशेच्या वर माणसं नीट बघायला लागली. हे सगळं खरं आहे.

पण पेटी का ठेवली ते निदान या वहीत तरी लिहू दे. बाई कधीतरी सरांचा चष्मा तीत टाकतील आणि तो गुपचूप माझ्या हातात परत येईल, एवढ्यासाठी ठेवली. दीडशे माणसं वाटेत लागली.

शनिवार, ८

ताप. उद्या पेटीचं काम ही बघेल.

रविवार, ९

उठवत नाही. ही चर्चवरून आली ती खुशीतच. "बाईंनी आज सरांचा चष्मा दिला. म्हणाल्या, माझ्याच्यानं आता बघवत नाही त्याच्याकडे. लगेच एकीला बसलासुद्धा!"

कुणाला, विचारलं.

"दवाखान्याच्या इमारतीत जिने पुसते ना, तिला. बाईंनी स्वतःच्या हातानं घातला तिला."

जिने पुसते. सहा मजले. हातात बादली.

सोमवार, १०

ही म्हणते, "एवढे चष्मे वाटलेत, या एकाचं काय घेऊन बसलात?" हिला मी कधी सांगितलंच नाही.

लिहितो. एकदाच. सर नवा चष्मा घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. "पायऱ्या हलतात हो. शेवटची पायरी कुठं आहे तेच कळत नाही." दुकानात गर्दी होती. चष्मा यंत्राखाली धरून बघायचा, मिनिटभराचं काम. मी म्हणालो, "नवा नंबर आहे सर. आठवडाभरात सवय होईल." रोज दहा जणांना म्हणतो. बहुतेकांना होतेही.

तिसऱ्या दिवशी सर गेले.

दफनानंतर टेबल आवरताना ट्रेमध्ये त्यांची डावी काच सापडली. पाकिटात, वर त्यांचं नाव. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची काच कुठं गेली म्हणून मी शोध शोध शोधलं होतं आणि शेवटी चरफडत नवी कापली होती. ती कुठं गेली होती ते तेव्हा कळलं. पाकीट अजून ड्रॉवरमध्ये आहे. फेकवत नाही, उघडवत नाही.

मंगळवार, ११

उभं राहिलं की भोवंड येते. बाईंकडे गेलो नाही. दवाखान्याकडेही नाही. दिवसभर कान फोनकडे. कुणीतरी पडल्याचं कळेल म्हणून.

बुधवार, १२

अंगात ताप होता तसाच गेलो. ती चौथ्या मजल्यावर सापडली. खाली उतरत होती, एक हात भिंतीला, पाय चाचपडत. चष्मा मागितला तर म्हणते, "नको, चांगलाय. पायऱ्या तेवढ्या हलतात. पण त्या बाई म्हणाल्या, सवय होईल."

माझेच शब्द. मी तिथंच जिन्यावर बसलो.

काचेत दोष आहे म्हणालो, दुकानात नेलं, डोळे तपासून दुसरा चष्मा दिला. तिनं माझे हात धरले. "देव तुमचं भलं करो. कुणी तापात येतं का यासाठी?"

ती गेल्यावर सरांचा चष्मा यंत्राखाली धरला. डावीकडे उणे नंबर हवा तिथं अधिक.

शुक्रवार, १४

चष्मा आता माझ्याकडे आहे. कुणालाच कधी काही कळणार नाही. हातोडी काढून टेबलावर ठेवली. तासाभरानं परत आत ठेवली.

पाळकसाहेबांचा निरोप आला. जिने पुसणारीनं त्यांना सगळं सांगितलं, तर तेही साक्षीत यायलाच हवं म्हणे. झालं! चोर चोरी लपवायला गेला आणि लोकांनी वर हार घातला.

प्रार्थनेत अपराधांची क्षमा मागायच्या ओळीशी जीभ अडते. तीन वर्षं तिथं मी नुसते ओठ हलवतोय.

शनिवार, १५

सकाळी हिला सांगितलं. मग म्हणाली, "आधी बाईंना सांगा. चर्चचं उद्या. चारचौघांत कळायला नको त्यांना." बरोबर बोलली. दुकान बहुतेक बंद करावं लागेल. लागू दे. भीती त्याची नाही, बाईंच्या तोंडाकडे कसं बघू याची आहे.

चष्मा आणि पाकीट खिशात घेतलंय.

शनिवार, संध्याकाळ

सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. काच हातात घेऊन बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, "त्या सकाळी ते चष्मा काढूनच जिना उतरायला निघाले होते. मीच ओरडले. लहान मुलासारखं काय करता, चष्मेवाला सांगतोय ना सवय होईल, घाला तो. माझ्यापुढं घातला आणि गेले."

तीन वर्षं दर मंगळवारी मी त्यांच्यासमोर बसत होतो.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

नाही, म्हणालो.

"नक्की?"

नक्की म्हणालो. थोड्या वेळानं त्यांनी परत तेच विचारलं.