पाऊण तास लवकर

हैदराबाद

ती. बाबांना अपेक्षाचा नमस्कार,

सुखरूप पोचले. आईने शिंपल्यांतून सोडवून दिलेली कालवं दोन दिवस पुरली.

रविवारी आपण मिठबावच्या खाडीवर कालवं काढायला पाऊण तास लवकर पोचलो, कारण मी ओहोटीची वेळ देवगड बंदराची पाहिली होती. खाडीतलं पाणी उशिरा उतरतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी निघताना ते सांगितलं नाहीत. खडकावर बसल्यावर विचारलंत, "थंय एकटां वाटता काय गो तुका?" मी नाही म्हटलं. ते खरं नव्हतं.

गुडघा डॉक्टरांना दाखवलात का? मी आईलाही विचारणार आहे.

पुढच्या अमावास्येला रजा घेतली आहे. ओहोटीची वेळ मीच पाहीन, आणि देवगडचीच पाहीन.

तुमची,
अपेक्षा