जालन्याकडं चाललेली तांबडी ज्वारी

मुंबई बंदर, माघ १९५२

तीर्थरूप मायला रखमाजीचा पायावर डोकं ठेवून दंडवत.

मी धडधाकट हाये. काम बराबर मिळून राह्यलं, दोन्ही टाइम जेवतो. तुझा गुडघा कसा हाये?

काल आम्ही जहाजातून अमेरिकेची तांबडी ज्वारी उतरवली. पोती रेल्वेत भरताना मुकादमाला विचारलं, "ही कुठं चालली?"

"जालन्याला. पुढच्या जहाजातलीबी तिकडंच."

मी हसलो. म्हणलं, "आमच्याकडं ज्वारीला काय तोटा?" तो पुढची पोती मोजाया लागला.

सांजच्याला आपल्या शेजारचा कारभारी काम शोधत आल्ता. पिकाचं विचारलं तर म्हणे, "बरं हाये." मंग जेवायला बसवलं. त्यानं अर्धी भाकर खाल्ली आन अर्धी धोतराच्या सोग्यात बांधली. "लेकरांसाठी," म्हणला.

"आरं, आपल्या केदारखेड्याला पोचेपर्यंत टिकल का ती?"

तसा तो रडाया लागला. "रखमाजी, औंदा कणसं भरलीच न्हाईत. तुझी माय सांगू नको म्हणल्ती."

माय, कारभारीला तांदळाचं गाठोडं देऊन परत धाडून राह्यलो. बियाची ज्वारी दळून खाल्ली असंल तरी मी बिलकुल रागावणार न्हाई. सूनबाई पुष्पाला आन लेकरांला घेऊन जल्दी इकडं निघ.

आन एवढं खरं कळव. त्यांला वाढल्यावर तुझ्या ताटात कायी राह्यतं का?

तुझाच लेक,
रखमाजी